उल्हासरावांचं कनेटिकटचं नाणं

उल्हास वझलवार या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. लोक याला चांगुलपणा म्हणतात. मी म्हणत नाही. चाळीस वर्षं मी हे शेजारून बघते आहे आणि चाळीस वर्षं मला त्याचा राग येतो आहे. त्यांची बायको नीलिमा माझी मैत्रीण, आणि आमचे हे गेल्यापासून टोरोंटोजवळच्या रिचमंड हिलमधल्या त्या दोघांच्या घरी माझं रोजचं जाणंयेणं. तेव्हा जे लिहिते आहे ते ऐकीव नाही.

उल्हासराव १९६८ साली नागपुराहून इथे कॅनडात आले. सिव्हिल इंजिनिअर, तोही पहिल्या वर्गातला. इथे ती डिग्री कोणी विचारात घेतली नाही. पुन्हा परीक्षा द्या, इथल्या माणसाच्या हाताखाली अनुभव घ्या, मग बघू. मी तेव्हाच म्हटलं होतं, द्या की परीक्षा, त्यात काय एवढं! पण घरी नुकतं मूल झालेलं, भाडं थकून चालत नव्हतं, म्हणून ड्राफ्ट्समनची नोकरी धरली. पुढच्या वर्षी परीक्षा, पुढच्या वर्षी परीक्षा असं करत एकतीस वर्षांनी त्याच नोकरीतून रिटायर झाले. टोरोंटोच्या आसपासचे कितीतरी पूल आणि पाण्याच्या टाक्या त्यांच्या हातच्या ड्रॉइंगवरून उभ्या राहिल्या आहेत. शिक्का आणि सही मात्र दुसऱ्याची. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'यू. डब्ल्यू.' एवढं असायचं, तेही पुढे कॉम्प्युटर आल्यावर गेलं.

नाण्यांचा नाद १९७५च्या सुमारास लागला. अमेरिका स्वतंत्र होण्याच्या आगेमागे तिथल्या वसाहतींमधून जी तांब्याची नाणी आणि टोकनं चालायची, ती हे जमवतात. त्यातली काही स्वातंत्र्यानंतरची आहेत, पण या छंदातले लोक सगळ्यांनाच 'कलोनियल' म्हणतात. मी एकदा विचारलं, "अहो, भोसल्यांची नाणी जमवा, शिवराई जमवा. या गोऱ्यांच्या दमड्यांत काय आहे?"

"वहिनी, शिवराई मला इथे कुठे मिळणार? ही मिळतात. रविवारच्या बाजारात, बटणांच्या डब्यात, आणि कोणाला नको असतात."

बेसमेंटमध्ये त्यांनी एक टेबल मांडलं होतं. त्यावर दिवा, भिंग आणि पांढरे सुती हातमोजे. प्रत्येक नाणं वेगळ्या पारदर्शक पाकिटात, आणि नियम एकच: उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. सव्वादोनशे वर्षांत तांब्यावर जी तपकिरी साय धरते तीच त्या नाण्याची कुंडली, असं ते सांगायचे. ती साय गेली की नाणं खरं की खोटं, त्यावर नंतर कोणी कोरीवकाम केलंय का, काही कळत नाही. नीलिमाला हे सगळं पाठ होतं. एरवी त्यांना 'नाही' म्हणता येत नाही, पण पोरगा लहान असताना एकदा नाणं उचलायला गेला तर त्याच्या हातावर चापट मारली होती. आयुष्यातली ती एकच चापट, असं नीलिमा सांगते.

आता त्या नाण्याबद्दल. १९८६ साली किचनरजवळच्या एका बाजारात त्यांना कनेटिकट या अमेरिकी राज्याचं १७८७ सालचं एक तांब्याचं नाणं मिळालं. पुढच्या बाजूला एक मुंडकं, मागे हातात डहाळी घेऊन बसलेली बाई, कडेने अक्षरं. अशी नाणी पुष्कळ आहेत. पण तेव्हा साचे हातानं कोरायचे, त्यामुळे दर साच्यात फरक. कुठे फूल, कुठे टिंब, कुठे फुली. या फरकांची अमेरिकेत यादी आहे. तीनशेच्या वर प्रकार आहेत, प्रत्येकाला नंबर, आणि नवा प्रकार शोधणाऱ्याचं नाव त्या नोंदीत छापतात. उल्हासरावांच्या नाण्यावर दोन शब्दांच्या मधे पाच पाकळ्यांचं एक इवलंसं फूल होतं. ते यादीत कुठेच नव्हतं.

दुसरा कोणी असता तर दुसऱ्या दिवशी पत्र टाकलं असतं. यांनी तेवीस वर्षं खात्री करून घेतली! पुस्तकं मागवली, यादीतल्या एकूणएक फोटोंशी ताडून बघितलं, नाण्याचं चाळीस पट मोठं ड्रॉइंग काढलं. मी म्हणायची, "उल्हासराव, नाणं पळून चाललेलं नाही, पण तुम्ही चाललात. सत्तरीला टेकलात." शेवटी २००९च्या उन्हाळ्यात त्यांनी पर्किन्स नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला ईमेल केली. उत्तर आलं. नोव्हेंबरमध्ये पर्किन्स ग्वेल्फला नाण्यांच्या एका मेळाव्याला येणार होता. 'नाणं घेऊन या. फूल साच्यातलंच असेल तर तुमच्या नावानं नोंद करू.'

ती ईमेल त्यांनी प्रिंट करून मला वाचायला दिली. मग परत घेतली, आणि दहा मिनिटांनी पुन्हा वाचायला दिली. "वहिनी, नाव छापतात. पूर्ण नाव," एवढंच म्हणाले. मला हसू आलं.

एरवी हा माणूस स्वतःहून कोणाला काही सांगत नाही. पण त्या ऑक्टोबरात ते मंडळाच्या कोजागिरीला बोलून गेले. आमच्या मराठी मंडळाची तेव्हाची सांस्कृतिक सचिव माधवी. पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, राहायला ब्रॅम्पटनला, पस्तिशीची, प्रचंड उत्साही. तिला उत्साह जरा कमी असता तर बरं झालं असतं असं मला नेहमी वाटतं, पण पोरगी मनानं चांगली आहे.

"काका, म्हणजे तुमच्याकडे खरी अँटिक नाणी आहेत? मग लक्ष्मीपूजनाला आणा ना! आपण दरवर्षी कॅनडाचे क्वार्टर ठेवतो पूजेत, कसं दिसतं ते?"

"नाही... म्हणजे ती जरा जपायची असतात."

"अहो काका, जपूच की. आणि तुम्ही म्हणालात ना, एकावर हत्ती आहे?"

होता. सतराव्या शतकातलं एक टोकन, त्यावर चांगला सोंडवाला हत्ती. माधवीनं टाळ्याच वाजवल्या. "गजलक्ष्मी! काका, आता तर पाहिजेच. आणि या वर्षी यजमान तुम्ही आणि नीलिमाकाकू. प्रतापदादांशी मी बोलते."

प्रताप म्हणजे मंडळाचा अध्यक्ष. नीलिमानं तीस वर्षं मंडळाच्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटल्या. यजमानाच्या पाटावर तिला कोणी कधी बसवलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते उल्हासरावांनी बघितलं, आणि संपलं. मी गाडीत म्हटलं, "नाही म्हणा अजूनही." ते म्हणाले, "काचेच्या पेटीत ठेवू. बाजूच्या टेबलावर. कोणी हात लावणार नाही."

"आणि ते फुलाचं?"

"तेही ठेवतो. लोकांनी बघितलं तर काय बिघडलं?"

आयुष्यात एकदा या माणसाला मिरवावंसं वाटलं. त्याला मी काय बोलणार होते?

त्या वर्षी लक्ष्मीपूजन नेमकं शनिवारी आलं, सतरा ऑक्टोबरला. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, दोनशे माणसं, मुलं बास्केटबॉलच्या रेषांवरून पळताहेत. उल्हासरावांनी दुपारीच जाऊन काचेची पेटी मांडली, बारा नाणी, शेजारी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या. मग सोवळं नेसायला आत गेले.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण ते असं झालं. गुरुजी आमचे गुरुदत्त. सोमवार ते शुक्रवार बँकेत कॉम्प्युटरचं काम, शनिवार-रविवार पूजा. त्यांनी पेटी बघितली आणि म्हणाले, "लक्ष्मी पूजेच्या चौरंगावर पाहिजे, बाजूला टेबलावर कशाला? आणि प्लास्टिकमधे अभिषेक कसा करणार?" माधवीनं पेटी उघडली, बाराही नाणी पाकिटांतून काढली आणि ताम्हनात रचली. वर हत्ती. विचारायचं तर काका आत होते, आणि मुहूर्त टळत होता.

मी तिसऱ्या रांगेत. उल्हासराव आणि नीलिमा पाटावर येऊन बसले. आचमन झालं, संकल्प झाला, गणपती झाला. मग गुरुजींनी ताम्हनावरचं फुलांनी झाकलेलं वस्त्र काढलं. मला एवढ्या लांबून नाणी दिसली नाहीत. मला उल्हासरावांची मान दिसली. ती एकदम ताठ झाली.

"काका, दूध घ्या."

त्यांनी हात उचलला नाही.

"काका? पळीनं दूध घालायचं. काकू, तुम्ही त्यांच्या हाताला हात लावा."

नीलिमानं त्यांच्या मनगटाला बोटं लावली. नवी साडी, डोक्यावरून पदर, समोर व्हिडिओवाला. तिचं लक्ष गुरुजींकडे. ताम्हनात काय आहे ते तिनं बघितलंच नव्हतं. ती पुटपुटली, "अहो, घाला ना."

आणि त्यांनी घातलं. दूध. मग दही. मग तूप, मध, साखर. प्रत्येकाचा वेगळा मंत्र, गुरुदत्त एकही गाळणारा नव्हे. दह्याच्या वेळी मी उठून उभी राहिले. "अहो गुरुजी, थांबा जरा," असं मोठ्यानं म्हटलं.

प्रतापनं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काकू, प्लीज. मंत्र चालू आहेत, रेकॉर्डिंग चालू आहे."

"अरे, ती त्यांची नाणी आहेत!"

"हो ना, किती छान वाटतंय!"

मी उल्हासरावांकडे बघितलं. त्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. बसा, असं. दोनशे माणसांत, बायकोचा हात हातावर असताना, हा माणूस पूजा मोडणार नव्हता. मी बसले. दूधपाणीच तर आहे, पुसलं की होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. याची मला अजून लाज वाटते.

आरती झाली. लोक प्रसादाच्या रांगेला लागले, यजमानांना नमस्कार करायला दुसरी रांग लागली. उल्हासराव पाटावरून उठू पाहायचे की कोणीतरी पोर त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं. वीस मिनिटं गेली. ताम्हन चौरंगावर नव्हतं. उल्हासराव सुटून स्वयंपाकघराकडे निघाले, मी त्यांच्या मागे, आणि दारातच माधवी भेटली. हातात स्टीलची थाळी.

"काका, सगळी चिकट झाली होती ना, म्हणून लिंबू-मीठ लावून घासली. आधी किती काळी होती! बघा आता."

थाळीत बारा गुलाबी, झळझळीत चकत्या. नव्या बटणांसारख्या. तिच्या मागे सिंकवर हिरवी घासणी मी स्वतः पाहिली.

उल्हासराव थाळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थँक यू, बेटा."

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. कधी न धरणाऱ्या माणसानं. गाडीत बसल्यावर मला शपथ घातली, माधवीला काही बोलायचं नाही. "तिला काय माहीत, वहिनी? आमच्या घरी आई दर दिवाळीला चिंचेनं घासायची देवाची नाणी. मीच घासून द्यायचो. तिनं तेच केलं." मागच्या सीटवर नीलिमा. तिला तेव्हा कळलं. तिनं ओल्या रुमालात बांधलेली नाणी मांडीवर धरली होती. त्यानंतर ती पुन्हा कधी यजमान म्हणून बसली नाही.

तरी आम्ही ग्वेल्फला गेलो. मीच गाडी चालवली, त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. वाटेत ते म्हणाले, "फूल आहे अजून. भिंगातून दिसतं. साय गेली तरी फूल आहे."

पर्किन्स उंच, अघळपघळ म्हातारा, आधी फार आदरानं बोलला. इतक्या वर्षांचा संग्राहक म्हणून खुर्ची पुढे केली. मग नाणं हातात घेतलं आणि त्याचा चेहरा बदलला.

"हे कोणी घासलं?"

मी सांगायला पुढे झाले, पण उल्हासराव आधी बोलले. "मी."

"तुम्ही?"

"हो. चूक झाली."

पर्किन्सनं बराच वेळ भिंगातून बघितलं. मग भिंग ठेवून जे म्हणाला ते सरळ होतं. फूल फार पुसट आहे. ते साच्यातलं आहे की मागाहून कोणी सुईनं उठवलंय, हे फक्त वरच्या थरावरून कळलं असतं. तो थर गेला. उल्हासरावांनी ड्रॉइंग उलगडलं, जुने फोटो दाखवले. त्यानं त्यांवरून नजर फिरवली, फार थांबला नाही. जो माणूस स्वतःचं नाणं घासतो त्याच्या ड्रॉइंगवर कोण विश्वास ठेवणार? मी त्याच्या जागी असते तर मीही ठेवला नसता. "दुसरं असंच नाणं सापडलं तर बघू," म्हणाला आणि मागच्या माणसाला बोलावलं.

परतताना मी भडकलेच. "कशासाठी स्वतःवर घेतलंत? खरं सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? आमच्यात नाण्यांना दह्यानं आंघोळ घालतात, आणि दोनशे लोक बघत होते म्हणून मी थांबलो नाही? आणि वहिनी, पळी माझ्याच हातात होती."



त्या डिसेंबरात माधवीनं फोन केला: काका, नाणी मंडळाला पूजेसाठी कायमची द्याल का? त्यांनी दिली. बाराच्या बारा, फुलाचंसुद्धा. मी ओरडले. ते म्हणाले, "ठेवून काय करू? बेसमेंटमधे गेलं की तेवढंच दिसतं." बाकीचा संग्रह त्यांनी पेट्यांत भरला. टेबल तिथेच राहिलं, त्यावर नीलिमा आता कुंड्या ठेवते.

मग २०१२च्या मार्चमध्ये त्यांच्याकडे येणारं नाण्यांचं मासिक आलं. सकाळी नऊला मला फोन. "वहिनी, जरा येता का?" गेले तर ते दारातच उभे, चप्पल उलटी घातलेली. व्हर्माँटमधल्या एका शेतकऱ्याच्या बुटांच्या खोक्यात कनेटिकटचं एक १७८७ सालचं नाणं सापडलं होतं, तपकिरी साय शाबूत. दोन शब्दांच्या मधे पाच पाकळ्यांचं फूल. नोंद पर्किन्सनंच केली होती, त्या शेतकऱ्याच्या नावानं.

"म्हणजे ते साच्यातलंच होतं!" मी म्हटलं.

"साच्यातलंच होतं." त्यांचे डोळे भरले होते, आणि ते हसत होते. "आता माझं नाणं नेलं की झालं. घासलेलं असलं तरी चालेल, फूल जुळवून बघतील. पहिलं नाव त्यांचं राहू दे. माझं दुसरं लावतील. खाली लावतील."

तासाभरात आम्ही ब्रॅम्पटनला माधवीच्या घरी. मंडळाचं पूजेचं सामान तिच्याच बेसमेंटमधे असतं. तिनं आनंदानं डबा काढला. "काका, तुमची नाणी आम्ही कशी ठेवली आहेत बघा! दर दिवाळीला पुन्हा काळी पडायची, म्हणून गेल्या वर्षी नंदननं मस्त काम केलं." नंदन तिचा नवरा, गराजमध्ये हौसेनं सुतारकाम करतो. "त्याच्याकडे पॉलिश करायचं बफिंगचं चाक आहे ना, त्यावर धरली. एकदम आरसा!"

उल्हासरावांनी नाणं घेतलं. हातमोजे नव्हते, बोटांनीच घेतलं. खिडकीपाशी गेले, भिंग लावलं. मी शेजारी उभी होते. मुंडक्याचं नाक नव्हतं. बाईच्या जागी एक उंचवटा होता. अक्षरांच्या मधे गुळगुळीत तांबं, आणि त्यात माझ्या चष्म्याचं प्रतिबिंब.

"काका, परत हवंय का?" माधवी म्हणाली. तिला आमच्या चेहऱ्यांवरून काहीतरी कळायला लागलं होतं. "काही चुकलं का आमचं?"

मी शपथ मोडणार होते. खरंच मोडणार होते. पण त्या पोरीचा पडलेला चेहरा बघितला आणि, काय सांगू, मलाही जमलं नाही.

"नाही गं," उल्हासराव म्हणाले. "सहज बघायला आलो होतो. राहू दे पूजेत." त्यांनी नाणं डब्यात ठेवलं, झाकण नीट बसवलं, तिच्या हातचा चहा प्यायले आणि नंदनच्या बफिंगच्या चाकाची चौकशीसुद्धा केली.

गाडीत त्यांनी मासिक मांडीवर उघडलं. मी सिग्नलला थांबले होते. त्या नोंदीच्या तळाशी एक ओळ होती, ती त्यांनी बोटानं दाखवली आणि मराठीत करून मला वाचून दाखवली: "आजवर ज्ञात नमुने: एक."

मी म्हटलं, "खोटं आहे ते. त्यांना कळवू आपण."

सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवायला लागला.

"नाही वहिनी," ते म्हणाले. "आता बरोबर आहे."